चालीचे कूळ

राष्ट्राचे म्हणून मिरवले जाणारे संगीत नक्की कोणाचे असते? हंगेरीत अर्ध्या शतकात या प्रश्नाचे उत्तर पार उलटले. संगीतकार फ्रान्झ लिस्टने 1859 मध्ये पुस्तक लिहून हंगेरियन संगीताचे श्रेय रोमा समाजातल्या वादकांना दिले. पुढे 1905 नंतर बेला बार्टोक आणि झोल्तान कोडाय हे संगीतकार फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडले, तेव्हा उमगले की कॅफेत रोमा वाजवीत ती गाणी बरीचशी वरच्या वर्गातल्या हौशी रचनाकारांची होती. शेतकरी वेगळेच गात होते: पाच स्वरांची, वरून खाली उतरत येणारी चाल, आणि तिचा पूर्वार्धच पंचमाच्या अंतराने खाली पुन्हा गायलेला. अस्सल हंगेरी गवसली असे कोणालाही वाटले असते. 1903 मध्ये ‘कोशुत’सारखी देशभक्तीने भारलेली रचना करणाऱ्या बार्टोकला तर नक्कीच.

पण अस्सलपणा ठरवायचा तर शेजाऱ्यांची गाणीही तपासावी लागतात, आणि तिथेच कुळाची शुद्धता टिकत नाही. बार्टोकने स्लोव्हाक आणि रोमानियन चाली हजारोंनी गोळा केल्या, 1913 मध्ये तो अल्जीरियात बिस्क्रापर्यंत गेला. चाली सीमा ओलांडतात, रूप बदलतात, कधी बदललेल्या रूपात माघारी येतात, हे त्याला दिसत गेले. पहिल्या महायुद्धानंतरच्या 1920 च्या तहात हंगेरीने दोन तृतीयांश भूमी गमावली. त्याच वर्षी रोमानियन संगीतावर लिहिल्याबद्दल त्याच्या देशनिष्ठेवर शंका घेतली गेली. तरीही बुडा आणि पेस्ट एक झाल्याच्या पन्नाशीनिमित्त 1923 मध्ये त्याने जी नृत्यमालिका रचली, तिच्यात अरबी आणि रोमानियन वळणे आहेत, आणि त्यांना सांधणारी, पुनःपुन्हा येणारी धून हंगेरियन आहे. राष्ट्रीय सोहळ्यासाठी याहून धीट रचना मला ठाऊक नाही.

सगळेच मिसळलेले असेल तर ‘हंगेरियन’ या शब्दाला अर्थ काय उरतो, असे कोणी विचारील. उरतो. हंगेरियन भाषेत आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो, म्हणून ओळ बहुधा थेट समेवरच सुरू होते; बाहेरून आलेली चालही या भाषेच्या तोंडी बसताना आपली लय बदलते. तिचे हंगेरियनपण या बदलात आहे, उगमात नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: शेतकऱ्याला मान देताना रोमा वादक बाजूला पडला. हे मला मान्य आहे. दुसऱ्याची चाल उचलून तिला आपले वळण देणे हे दोघेही करत होते, आणि बार्टोकने शेतकऱ्याला लावलेला न्याय कॅफेतल्या त्या व्हायोलिनवाल्यालाही लावायला हवा होता.