चढणीचा मासा

मासा जबह करावा लागत नाही. सुरी धारदार ठेवा, एका जनावरासमोर दुसऱ्याला कापू नका, अशी शिकवण देणाऱ्या धर्माने माशाला सुरीतूनच वगळले आहे. इहराममध्ये जमिनीवरची शिकार मना, पाण्यातली मात्र जायज. म्हणून माशाबाबत आपल्यावर कसलीच जबाबदारी नाही, असे आमच्यातले पुष्कळजण धरून चालतात. ही समजूत एकदा तपासली पाहिजे.

आमचे फैजपूर सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. पावसाळ्यात सुकी, मोर यांसारख्या नद्यांना पहिला पूर आला, की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात. हे चढणीचे मासे. उथळ पाण्यात ते सहज हाती लागतात आणि गाभोळीमुळे त्यांना गिऱ्हाईकही जास्त. रोहूसारख्या मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. म्हणजे टोपलीत एक मासा पडतो, पण नदीतून पुढच्या कित्येक वर्षांचे मासे उणे होतात.

सूरह अल्-आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीची हकीकत आहे. शनिवारी शिकार मना होती आणि नेमके त्याच दिवशी मासे पाण्यावर येत. लोकांनी पळवाट काढली. मुफस्सिर सांगतात, की ते आधीच जाळी आणि खड्डे तयार ठेवत व मासे रविवारी उचलत. नियमाचे शब्द शाबूत राहिले, नियमाचा प्राण गेला. परीक्षा माशाच्या हलाल असण्याची नव्हतीच. परीक्षा होती ती हाताशी आलेले सोडून देण्याची. चढणीचे दिवस हा आमचा शनिवार आहे, असे आम्हाला वाटते. फिकहचा हुकूम म्हणून नव्हे, इबरत म्हणून.

यावर सवाल येईल, की गरिबाने खायचे काय? सवाल रास्त आहे. भोई कुटुंबाच्या एका जाळ्याकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण तापीवर 41 दरवाजांचे हतनूर धरण आहे. चढणाऱ्या माशाला कुठलेही धरण हा मोठा अडथळाच असतो, आणि धरणाचे पाणी आम्ही सगळे वापरतो. धरणात मत्स्यबीज सोडले जाते खरे, पण कटला-रोहूच्या बियाण्याने नदीचे स्वतःचे मासे परत येत नाहीत. तेव्हा पथ्य पाळायचे, तर त्या दिवसांची मजुरी बुडणाऱ्याचा भारही समाजाने उचलावा. उपाशी माणसाला सब्र शिकवणे हा इन्साफ नव्हे.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सामन नावाचा मासा समुद्रातून आपल्या जन्मनदीत अंडी घालायला परततो. तिथल्या मूळ जमाती हंगामातल्या पहिल्या सामनचा सन्मान करतात आणि काही ठिकाणी वरच्या वस्त्यांसाठी मासे पुढे जाऊ देतात. 1974 साली तिथल्या न्यायालयाने वॉशिंग्टन राज्यातल्या करारबद्ध जमातींचा माशांवरचा निम्मा वाटा मान्य केला. एल्वा नदीवरची दोन धरणे 2011 ते 2014 या काळात पाडली गेली आणि सामन पुन्हा वर चढू लागला. आमचे धरण पाडा, असे आम्ही म्हणत नाही. शेती आणि तहान दोन्ही त्यावर आहेत. पण नदीत माशाचाही हक्क असतो, एवढे तरी त्यातून घेता येईल.

पाण्यातली शिकार हलाल करताना कुरआनने ती तुमच्या आणि मुसाफिरांच्या फायद्यासाठी आहे, असे सांगितले. आमच्या मते उद्या जन्मणारी लेकरेही याच वाटेवरचे मुसाफिर आहेत.

शनिवारच्या त्या वस्तीत तीन गट होते: पळवाट काढणारे, त्यांना अडवणारे, आणि 'अशांना समजावून काय उपयोग' असे अडवणाऱ्यांनाच विचारणारे. पहिले पकडले गेले, दुसरे वाचले. तिसऱ्यांचे काय झाले, यावर मुफस्सिरांत मतभेद आहेत. आज आमच्यातले बहुतेकजण त्याच तिसऱ्या गटात बसलेले आहेत.