टपरीवरचं सुप्रीम कोर्ट

फोन खाली ठेवा. सगळ्यांनी. मागच्या बाकावरची कुजबुज थांबली की मी बोलायला लागतो.

काल संध्याकाळी सीईटीचा पेपर झाल्यावर कॉलेज रोडच्या चहाच्या टपरीवर तुमची टोळी जमली होती. मी शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात होतो. कान लावून ऐकायची गरज नव्हती, अख्खा रस्ता ऐकत होता. एक म्हणतो, पेंडुलमचा टाइम पीरियड दुप्पट होतो. दुसरा म्हणतो, निम्मा होतो. शपथा घेऊन झाल्या, गूगल करून झालं, ‘सरांनी असंच शिकवलंय’ म्हणून मलाही मध्ये ओढून झालं. शेवटी तुमच्यातल्याच एका मुलीनं विचारलं, ‘अरे, तुमच्या शिफ्ट कुठल्या?’ एकाची सकाळची, दुसऱ्याची दुपारची. एकाच्या पेपरात लांबी चौपट केलेली, दुसऱ्याच्या पेपरात पाव. दोघंही बरोबर! आणि तोवर दोघांच्याही तोंडचं पाणी पळालेलं. हसू नका. हसण्यासारखं यात काही नाही.

सीईटी कशी घेतात हे फॉर्म भरताना वाचलं होतं का कुणी? प्रत्येक शिफ्टला वेगळा पेपर. तुझे मार्क तुझ्याच शिफ्टमधल्या मुलांशी ताडून पर्सेंटाइल काढतात, तेही दशांशचिन्हापुढे सात घरांपर्यंत. दुपारच्यांना गणित सोपं गेलं म्हणून सकाळच्यानं डोकं धरून बसायचं कारण काय? सोपं होतं तर त्या शिफ्टला सगळ्यांनाच सोपं होतं. एवढा हिशेब बारावीच्या मुलांना जमत नसेल तर गणिताचे ते ५० प्रश्न ९० मिनिटांत कसे सोडवलेत, हाच मला प्रश्न आहे.

आणि एक शहाणा सांगत होता, ‘मी सात प्रश्न सोडून दिले, रिस्क नको म्हणून.’ अरे, सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही! हे वर्षभर ओरडून ओरडून माझा घसा बसला. यावर मात्र टपरीवर कुणी ब्र काढला नाही. भांडायचंच होतं तर तिथे भांडायचं होतं.

‘आम्हा तिघांचं जुळलं, म्हणजे बरोबरच.’ हे कुणाचं वाक्य? मान वर कर. २०२४ च्या नीटला फिजिक्सचा अणूवरचा एक प्रश्न होता. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे एक उत्तर, नव्याप्रमाणे दुसरं. नीट घेणाऱ्या एनटीएनं दोन्ही उत्तरांना मार्क दिले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. सरन्यायाधीशांनी स्वतः निकाल दिला नाही, आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं. त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला, आणि पैकीच्या पैकी मिळवलेले ६१ जण होते ते १७ वर आले. दुसरं उत्तर ज्यांनी लिहिलं होतं ते लाखो होते. लाखोंचं जुळलं होतं, तरी पाच-पाच मार्क गेले. जिथे सरन्यायाधीश तज्ज्ञांना विचारतात, तिथे तुम्ही कटिंग संपायच्या आत निकाल देता.

बरं, पेपर काढणारे तरी कुठे चुकत नाहीत? २७ एप्रिल २०२५ ला सकाळच्या सत्रात आपल्याच सीईटीच्या गणितात ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. ५ मेला फेरपरीक्षा घ्यावी लागली. काढलेलं उत्तर चार पर्यायांत सापडत नाही म्हणून त्या हॉलमध्ये किती पोरांनी स्वतःला मठ्ठ ठरवलं असेल!

आता ज्यासाठी मुद्दाम बोलावलं ते. तुमच्यामागे सुरगाण्याची आपली मुलगी वडिलांबरोबर उभी होती. पहाटे एसटीनं निघून पेपर देऊन आलेली. तुमचं ‘माझे नव्वद पक्के’, ‘एवढा सोपा पेपर कधी आलाच नव्हता’ सगळं ती ऐकत होती. नंतर तो माणूस माझ्याकडे आला. हात जोडून विचारतो, ‘सर, हिचं गेलं का?’ त्यांना शिफ्ट कळत नाही, पर्सेंटाइल कळत नाही. पोरीचा चेहरा तेवढा कळतो. तुमच्यातल्या एकालाही मागे वळून बघावंसं वाटलं नाही. पक्क्या नव्वदवाल्यांनो, तुमचे नव्वद कुठून आले? आठवणीतल्या प्रश्नाला आठवणीतलं उत्तर, आणि तपासणारा शेजारचा!

उत्तरं तपासायला माझी ना नाही. सीईटी सेल लॉगिनमध्ये प्रश्न, तुम्ही दिलेलं उत्तर आणि त्यांचं उत्तर, तिन्ही दाखवतो. तेव्हा या, वही-पुस्तक घेऊन. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर हरकत नोंदवता येते. एका प्रश्नाला हजार रुपये लागतात, म्हणून आधी माझ्यासमोर फळ्यावर सोडवून दाखवायचं, मग बापाचे पैसे भरायचे.

नीट ज्यांची व्हायची आहे त्यांनी इथेच थांबा. तिथे चुकलेल्या उत्तराला एक मार्क कापतात, तिथे अंदाजपंचे चालणार नाही. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर काढून ठेवलाय, आत्ता सोडवायचा. बाकीच्यांनी घरी जाऊन झोपा काढा.

आणि ‘सीईटी आन्सर्स’ नावाचा तो व्हॉट्सॲप ग्रुप ज्यानं काढलाय, त्यानं फोन घेऊन इकडे यायचं आणि माझ्यासमोर तो बंद करायचा. कुणी काढलाय ते मला माहीत आहे. नाव घ्यायला लावू नकोस.