पाचांपैकी चार

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो नावाची काउंटी आहे. तिथली मतमोजणी समजून घ्यायची तर मोजणाऱ्यांकडे पाहू नये, कठड्याला टेकून उभ्या असलेल्यांकडे पाहावे. त्यांना तिथे ‘टॅलीमन’ म्हणतात. पेटी उघडली की मतपत्रिका टेबलावर उलगडल्या जातात आणि ही मंडळी पलीकडून, उलट्या बाजूने, पेन्सिलीने लिहिलेला ‘१’ कोणाच्या नावापुढे आहे ते वाचून कागदावर रेघोट्या मारत जातात. हे सगळे पक्षांचे कार्यकर्ते. दिवसभर एकमेकांचे विरोधक असतात, पण टॅलीचे आकडे पुष्कळदा एकमेकांना देतात. अधिकृत पहिली फेरी जाहीर व्हायच्या कितीतरी आधी त्यांच्याजवळ काउंटीचा निकाल पेटीगणिक, म्हणजे जवळजवळ गावगणिक, तयार असतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात नकाशा पक्षांच्या रंगात छापून येतो. टॅलीमनच्या कागदावर मात्र कोणत्या शाळेतल्या पेटीतून कोणत्या माणसाला किती, एवढेच असते. माझा विश्वास या दुसऱ्या कागदावर अधिक आहे.

२५ फेब्रुवारी २०११ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मेयोतल्या पाच जागांपैकी चार फिने गेल पक्षाने जिंकल्या. देशभर या पक्षाला ३६ टक्के मते पडली होती, मेयोत ६५. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीत असा निकाल लागणे म्हणजे नवलच, कारण एकाच पक्षाच्या हाती सगळे जाऊ नये यासाठीच तर ही पद्धत असते. मतदार उमेदवारांना १, २, ३ असे पसंतिक्रम देतो. वैध मतांना जागांपेक्षा एकने मोठ्या संख्येने भागायचे आणि त्यात एक मिळवायचा, की कोटा निघतो. त्या वर्षी मेयोत ७४,१५४ वैध मते होती, म्हणजे कोटा १२,३६०. फिने गेलच्या चार उमेदवारांची मिळून पहिल्या पसंतीची मते ४८,१७०, म्हणजे कोट्याच्या ३.९ पट. चार जागांना चार कोटे लागतात आणि यांच्याकडे चाराला थोडे कमीच होते. ते थोडे कमी पडले नाही, यात सगळी कारागिरी आहे.

ही कारागिरी नकाशावरची असते. पक्ष काउंटीचे तुकडे पाडतो. अमुक भागाने पहिली पसंती याला द्यावी, दुसरी त्याला, असे सांगत कार्यकर्ते घरोघर फिरतात. कॅसलबारकडचे पक्षनेते एन्डा केनी, वेस्टपोर्टचे मायकेल रिंग, उत्तरेकडच्या बॅलिनाच्या मिशेल मुलहेरिन आणि पूर्वेकडे जॉन ओमाहोनी. केनींना १७,४७२ मते मिळाली. कोट्यावरची ५,११२ मते पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली गेली. मुलहेरिन ८,८५१ वर होत्या आणि ओमाहोनी ८,६६७ वर, म्हणजे दोघेही कोट्यापासून बरेच लांब. त्यांना वरची मते आणि बाद झालेल्यांची मते पोहोचवत नेली. पाचवी जागा सत्ताधारी फियाना फॉल पक्षाच्या डारा कॅलरी यांना मिळाली. तो पक्ष देशभर भुईसपाट होत असताना ते तरले, तेही बॅलिनाचे म्हणून आणि वडील व आजोबाही खासदार होते म्हणून. पाटबंधाऱ्याच्या चाऱ्यांतून पाणी फिरवावे तशी मते फिरतात, आणि चारी कुठून काढायची हे ज्याला ठाऊक तो जिंकतो.

मग हा विजय कोणाचा? पक्षाचा म्हणावा तर फिने गेल आणि फियाना फॉल यांच्यातला वैचारिक फरक सांगताना भलेभले अडखळतात. ब्रिटनशी झालेल्या १९२१ च्या कराराला होकार देणारे एकीकडे, नकार देणारे दुसरीकडे, आणि त्यातून पेटलेल्या यादवी युद्धाच्या आठवणी घराघरांत वाटल्या गेलेल्या. कुलदैवत जसे वडिलांकडून येते तसा पक्ष येई. २०२० मध्ये हे दोघे एकत्र सरकारात बसले तेव्हा कोणाचे आभाळ कोसळले नाही.

विजय केनींचा म्हणावा, तर थोडे मागे जावे लागते. वडील हेन्री केनी १९३६ मध्ये आयर्लंडचे अजिंक्यपद जिंकणाऱ्या मेयोच्या गेलिक फुटबॉल संघात खेळले, १९५४ मध्ये खासदार झाले आणि १९७५ मध्ये वारले. त्याच वर्षी पोटनिवडणुकीत चोवीस वर्षांचा शाळामास्तर मुलगा त्यांच्या जागी निवडून आला. पुढे २००२ मध्ये पक्ष ५४ वरून ३१ जागांवर घसरला तेव्हा केनींची स्वतःची जागा जेमतेम वाचली. मेयोतल्या पाच जागांपैकी तिसरी त्यांच्या वाट्याला आली. त्यानंतर महिन्याभरात ते पक्षाचे नेते झाले. घरच्या मैदानावर कसाबसा वाचलेला माणूस नऊ वर्षांनी त्याच मैदानावर पाचांपैकी चार जागा घेतो. मधल्या काळात मेयोच्या लोकांचे करांविषयीचे किंवा युरोपविषयीचे मत बदलले होते का? फारसे नसावे. बदलले होते ते एवढेच, की आपला माणूस पंतप्रधान होऊ शकतो असे दिसू लागले होते. दुसऱ्या बाजूला बँका बुडाल्या होत्या, २०१० च्या नोव्हेंबरात देशाला युरोपीय संघ आणि नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला होता आणि फियाना फॉलवरचा राग उफाळून आला होता. रागाने देशभर वाट करून दिली. मेयोत त्यात अभिमान मिसळला.

मराठी वाचकाने यावर हसू नये. २०१७ मध्ये केनी पंतप्रधानपदावरून पायउतार झाले आणि लिओ वराडकर पक्षाचे नेते व पंतप्रधान झाले, तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावाला आनंद झाला. वडिलांचे गाव ते. त्या आनंदाचा फिने गेलच्या करधोरणाशी संबंध नव्हता. कॅसलबारचा आनंद आणि वराडचा आनंद एकाच जातीचा होता; फरक इतकाच, की कॅसलबारकडे मतपत्रिका होती.

याला संकुचितपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. शहरी टीकाकार तसे म्हणतातही: खासदार शनिवारी गावात बसून खड्डे, घरबांधणीची परवानगी आणि वैद्यकीय कार्डाचे अर्ज ऐकत बसतात, देशाचा विचार कोण करणार? पण याच मेयोत १८७९ मध्ये कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लँड लीगची सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी लॉक मास्क सरोवराच्या काठी जमीनदाराचा व्यवस्थापक कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्याशी साऱ्या पंचक्रोशीने व्यवहार तोडला, आणि त्याचे आडनाव जगभरच्या भाषांत क्रियापद होऊन बसले. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार त्याच कुळीचा. हे शस्त्र चालले ते एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांत. कोण कोणाच्या दुकानात गेला हे जिथे सगळ्यांना कळते, तिथेच बहिष्कार टिकतो. म्हणजे ज्या ओळखीला आज आपण गावगुंत्याचा दोष देतो, तीच ओळख एकेकाळी या काउंटीची ताकद होती. मला तरी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

तरीही हिशेब मांडायला हवा, आणि तो आपल्या माणसाच्या बाजूने फारसा लागत नाही. १८४१ मध्ये, दुष्काळापूर्वी, मेयोची लोकसंख्या ३,८८,८८७ होती. २०११ च्या जनगणनेत ती १,३०,६३८ भरली. दीडशेहून अधिक वर्षे ही काउंटी आपली पोरे बोटीत बसवून देत आली आहे. २०११ ते २०१६ ही पाच वर्षे म्हणजे मेयोतून निवडून गेलेल्या पहिल्या पंतप्रधानाचा पहिला कार्यकाळ. या पाच वर्षांत देशाची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास वाढली. मेयोत २०१६ मध्ये १,३०,५०७ माणसे मोजली गेली, म्हणजे पाच वर्षांपूर्वीपेक्षा १३१ कमी. कर्ज देणाऱ्यांच्या अटींत अडकलेल्या सरकारला दोष किती द्यायचा हा वेगळा प्रश्न आहे, पण आपला माणूस सर्वोच्च खुर्चीवर असण्याचा आणि आपली माणसे घरी राहण्याचा संबंध लोक समजतात तितका सरळ नाही, हे त्या १३१ वरून दिसते.

मतदारांनीही पक्षाला दिलेले उसने परत घेतले. २०१६ मध्ये काउंटीचा काही दक्षिण भाग गॉलवेला जोडला गेला, मेयोच्या जागा चार झाल्या आणि फिने गेलला त्यातल्या दोन मिळाल्या. २०२० मध्ये केनी उभेच राहिले नाहीत. त्या वर्षी मेयोत सिन फेन पक्षाच्या रोझ कॉनवे-वॉल्श यांना पहिल्या पसंतीची १४,६३३ मते पडली. नऊ वर्षांपूर्वी ज्या काउंटीत ६५ टक्के एका पक्षाचे होते, तिथली ही गोष्ट. २०२४ मध्ये जागा पुन्हा पाच झाल्या: फिने गेल दोन, फियाना फॉल, सिन फेन आणि एन्टू या छोट्या पक्षाला एकेक. विश्लेषक याला पक्षाची घसरण म्हणतील. टॅलीमनला विचारले तर तो बहुधा म्हणेल, २०११ चाच आकडा फुगलेला होता, पक्षाचा मूळ आकडा हा.

उमेदवार निवडताना मात्र पक्ष टॅलीमनच्याच कागदावरून निवडतो. हेन्री केनी फुटबॉलपटू होते. ओमाहोनी मेयोच्या संघाचे प्रशिक्षक. १९८९ मध्ये त्यांनी संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले होते आणि २००७ मध्ये पहिल्यांदा निवडून आले तेव्हाही ते प्रशिक्षकच होते. केनी गेल्यावर २०२० मध्ये फिने गेलने कॅसलबारच्या बाजूने उभे केले आणि निवडून आणले ते अ‍ॅलन डिलन यांना. तेही मेयोच्या हिरव्या-लाल जर्सीत वर्षानुवर्षे खेळलेले. त्यांनी २०२४ मध्येही जागा राखली. त्या जर्सीतल्या संघाने मात्र १९५१ नंतर अजिंक्यपद जिंकलेले नाही.