मदत मागून येते

श्रावणाची झड लागली की पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांध्या हिरव्यागार दिसू लागतात. भंडारा-गोंदियाकडचा जाणता शेतकरी मात्र त्या हिरवेपणावर भुलत नाही. चुडात वाकून तो पाहतो, एखादा पोंगा कांद्याच्या पातीसारखा पोकळ आणि चंदेरी झालाय का. झाला असेल तर गाद आली म्हणायची. त्या फुटव्याला आता लोंबी धरत नाही.

ही करणी डासाएवढ्या गादमाशीची. ती पानांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी पानावरच्या ओलाव्याच्या आधाराने खाली सरकत कोंब गाठते; पान कोरडं असेल तर वाटेतच मरते. म्हणून ढगाळ हवा आणि रिमझिम पाऊस तिला मानवतो. त्यातच पावसाने सुरुवातीला ओढ दिली आणि रोवणी लांबली, तर माशीचा जोर आणि धानाचे फुटवे एकाच वेळी येतात.

याच हवेत तिचा वैरीही असतो. प्लॅटिगॅस्टर नावाचा हा इवलासा काळा कीटक गादमाशीच्या अंड्यात आपलं अंडं घालतो. पुढे अळी वाढते, पण तिच्या पोटात याची पिल्लं पोसली जातात. एका अळीतून अनेक बाहेर पडतात. मात्र गादमाशी वाढल्याशिवाय त्याला वाढता येत नाही, म्हणून त्याची संख्या हंगामात उशिराच फुगते.

चंदेरी पोंगे दिसताच आपला हात फवारणीच्या पंपाकडे जातो. पण तोवर त्या फुटव्याचं नुकसान होऊन गेलेलं असतं. पोंग्याच्या टोकाशी छिद्र आणि त्यात अडकलेलं कोशाचं रिकामं टरफल असेल, तर माशीही उडून गेलेली असते. सरसकट फवाऱ्यात मग मित्रही मरतो. पोंगा चिरून पाहावा. आतली अळी परजीवीने ग्रासलेली निघाली तर ती दौलतच. असे पोंगे दर 10 चौरस मीटरला 1 या प्रमाणात बांधीत सोडण्याची शिफारस आहे.

पाऊस आपलं ऐकत नाही. तो आल्यावर रोवणी रेंगाळू न देणं आणि औषध मारण्याआधी पोंगा चिरून बघणं, एवढं मात्र आपल्या हातात आहे. मदत संकटाच्या मागूनच येते, कारण ती संकटावरच पोसते. ती वाटेत असताना आपल्याच घाईने तिचा जीव जाऊ नये.