उशिरा आलेली क्षमा

एव्हलिन वॉ यांच्या १९४५ सालच्या ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ या कादंबरीतील लॉर्ड मार्चमेन पत्नीला टाकून व्हेनिसला परस्त्रीसह राहतो. पत्नी मरते. पुढे तो स्वतः मरायला घरी परततो. धर्मगुरू तैलाभ्यंग करतात, आणि ग्लानीतला तो हात उचलून क्रुसाची खूण करतो. घराण्याचा जुना स्नेही चार्ल्स अज्ञेयवादी. पण त्या खोलीत तोही गुडघे टेकतो. हे वाचताना आम्ही गहिवरतो. मात्र जिच्यावर अन्याय झाला, तिचे काय? देवाने क्षमा केली म्हणून तिचे ऋण फिटले काय? आम्हांस तसे वाटत नाही. अशा मृत्युशय्येपाशी आम्हीही उभे राहिलो आहोत. दाराआड थांबलेल्या पत्नीकडे पाहण्याचे धैर्य आम्हांस दर वेळी झाले नाही.