दीपकाने हिशेब विचारला नाही

श्रीगुरुचरित्राच्या दुसऱ्या अध्यायातली वेदधर्म आणि दीपक यांची कथा आपण सर्वांनी पारायणात वाचलेली आहे. गोदातीरीचे वेदधर्म मुनी शिष्यांना सांगतात, माझी पूर्वजन्मीची पापे उरली आहेत, ती काशीला जाऊन २१ वर्षे भोगायची आहेत, तेव्हा माझी सेवा कोण करील? एकटा दीपक पुढे होतो. तुमचं पाप मलाच द्या, असंही म्हणतो. गुरू नाही म्हणतात, ज्याचं त्यानेच भोगायचं. मग काशीत कुष्ठ, अंधत्व, वाहणाऱ्या जखमा, आणि भिक्षा मागून आणलेल्या अन्नाला नावं ठेवून वर गुरूंच्या शिव्या. कथेचं तात्पर्य गुरुभक्ती, ते बरोबरच आहे. पण दोन वर्षांपासून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे. हे माझ्या पापाचं फळ, असं वेदधर्म स्वतःविषयी म्हणतात. दीपक ते त्यांच्याविषयी एकदाही म्हणत नाही.

मला हे दिसलं ते मुंबईतल्या एका कॅन्सर रुग्णालयात, डोके-मान विभागाच्या वॉर्डात. आमच्या सौ.चे थोरले बंधू, ज्यांना सगळेच दादा म्हणतात, त्यांच्या डाव्या गालात गाठ निघाली. तंबाखूचा बार धरण्याची त्यांची जागा नेमकी तीच, सवय ४० वर्षांची. गाल आणि खालच्या जबड्याचा भाग काढून तिथे मांडीचं मांस व कातडं बसवलं. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी, अन्नासाठी नाकातून नळी. वाचा बंद, हातात पाटी.

बाहेरच्या बाकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं एकच. "केलं ते भोगतायत." कुणी म्हणालं, "दर गुरुवारी दत्ताला जाणारा माणूस, आणि तंबाखू?" शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या, त्यांची जन्मभराची मिश्री. पलीकडच्या गृहस्थांनी कधी सुपारीही खाल्ली नव्हती. त्यांच्या मुलाला तर लोक विचारत, "मग झालं कसं?" जणू तो काही लपवतोय. म्हणजे कारण असलं तरी बोल, नसलं तरी बोल.

आत मात्र वेगळा कारभार होता. तिथल्या सिस्टर मूळच्या केरळच्या, कॅन्सर नर्सिंगचा एक वर्षाचा वेगळा अभ्यासक्रम केलेल्या. पहिले दोन दिवस त्या तासातासाला येऊन गालावर बसवलेल्या कातड्याचा रंग पाहायच्या, ऊब पाहायच्या, बोटाने दाबून रक्त किती वेळात परत येतं ते पाहायच्या. तिथली शीर तुंबली तर लगेच पुन्हा ऑपरेशन करावं लागतं, नाहीतर सगळं वाया. गळ्याच्या नळीतला कफ ओढताना मशीन दहा-पंधरा सेकंदांच्या वर चालवायचं नाही, कारण तेवढा वेळ रोग्याचा श्वास अडकलेला असतो. आतली नळी काढून धुवायची, परत बसवायची. नाकाच्या नळीतून दूध-पेज देण्यापूर्वी नळी जठरातच आहे ना याची खात्री करायची, डोकं उंच ठेवायचं, घाई करायची नाही. जखमेला वास येतो. आम्ही घरचे लोक नाक न दाबता नाक दाबत होतो, सिस्टर तोंडाजवळ वाकून काम करायच्या.

मला सर्वांत नवल वाटलं ते त्यांच्या थांबण्याचं. दादा पाटीवर लिहायचे हळू, थरथरत. अर्धं वाक्य झालं की आम्ही "पाणी ना? कळलं, कळलं," म्हणून मोकळे व्हायचो. सिस्टर पूर्ण होईपर्यंत उभ्या राहायच्या. "काका, लिहा तुम्ही. मी आहे." एकदा त्यांनी चांगली दोन मिनिटं थांबून वाचलं, तर पाटीवर होतं, 'बायकोला आरसा देऊ नका म्हणावं.' दुसऱ्या दिवशी आरसा त्यांनी स्वतःच आणला आणि पडदा ओढून घेतला. आत काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही.

इथे कुणी म्हणेल, सिस्टरांना तंबाखूचं माहीत नसेल. पूर्ण माहीत होतं. दिवसाला किती पुड्या, रात्री बार धरून झोपता का, सगळं विचारून त्यांनी कागदावर उतरवलं होतं. घरी जाताना दादांना स्पष्ट सांगितलं की पुन्हा धराल तर दुसऱ्या गालातही निघू शकतं. म्हणजे कारण विचारणं आणि दोष लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधासाठी विचारलं की माणूस उत्तर देतो, न्यायासाठी विचारलं की मान खाली घालतो.

मी आयुष्यभर बँकेत कारकुनी केली. दुसऱ्याची खाती रोज डोळ्यांखालून जात. कुणाचं कर्ज थकलंय, कुणाचा चेक परत गेला, सगळं कळायचं. पण नोकरीत रुजू होताना गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली जाते. खातेदाराचं पासबुक खातेदाराने वाचायचं, काउंटरवरच्या माणसाने ते चारचौघांत मोठ्याने वाचायचं नसतं. कर्माचा सिद्धांत मी मानतो, या वयात तो सोडणार नाही. पण मला वाटतं, तो आपापल्या पासबुकापुरता आहे. वेदधर्मांनी आपलं पासबुक उघडलं, तो त्यांचा अधिकार.

आता प्रश्न उरतो पगाराचा. सौ.च्या मैत्रिणीने ऐकून म्हटलंच, "त्यांना पैसे मिळतात त्याचे, यात सेवा कसली?" मिळतात, आणि त्या कामाच्या मानाने कमीच मिळतात असं माझं मत. 'सेवा' म्हणायचं आणि पगार द्यायला हात आखडायचा, ही आपली जुनी खोड. पगारात ड्युटीचे तास येतात, नळी धुणं येतं. पाटीवरचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणं कुठल्या स्केलमध्ये येतं, ते मला हिशेबाचा माणूस असूनही सापडलं नाही. आणि दीपकाने केलं ते निदान आपल्या गुरूचं. इथे रोज नवा अनोळखी माणूस.

दादांची गळ्याची नळी निघाली. बोलणं आता बोबडं, पण कळतं. तोंड पुरतं उघडत नाही म्हणून सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यांची चळत दातांत धरून व्यायाम चालतो. महिन्यातून एखादी काडी वाढते. विजेच्या शेकाने लाळ सुकली आहे, तिखट सोसत नाही. गेल्या दत्तजयंतीला जन्म झाल्यावर सुंठवडा हातावर पडला, तेव्हा त्यांनी तो वाटीभर दुधात कालवून घेतला आणि चमच्या-चमच्याने, अर्धा तास लावून संपवला.