नजरेआडचे सोबती

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातील पाच गावांच्या शब्बाथशाळांनी मिळून सुट्टीतील बायबल शाळा घ्यावी असे ठरले. एक गाव बेळगावजवळचे, दोन निपाणीकडची आणि दोन मधल्या आडरस्त्यांवरची. सर्वांनी एकत्र जमणे महिन्यातून एकदाच शक्य होते. बाकीचे काम मोबाइलवर चालवावे, असे आम्ही सुचवले व ते मान्य झाले. आम्ही रोज रात्री नऊ वाजता निरोप पाठवत असू आणि लगेच उत्तर मागत असू. चार गावांची उत्तरे येत. पाचव्या गावच्या शिक्षिकाताईंचे उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी येई, कधी येतच नसे. तीन आठवडे हे पाहिल्यावर आम्ही मनाशी निकाल देऊन टाकला, की या ताईंना कामाची आस्था नाही. एवढ्यावर न थांबता तो निकाल आम्ही दोघाचौघांजवळ बोलूनही दाखवला.

पुढे एका संध्याकाळी त्या गावी जाणे झाले व आम्ही त्यांच्या घरी गेलो. दिव्याखाली आई आणि मुलगी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. आम्ही उत्तरांचा विषय काढताच ताई संकोचून म्हणाल्या, "काका, नऊ वाजता माझ्या हातात फोन नसतोय की, मांडीवर सूप असतंय. सकाळी माल द्यायचा असतोय." मग त्यांनी एक वही आणून दाखवली. त्यांच्या वर्गातील बहुतेक मुले कानडी शाळेत जाणारी. त्यांना मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही. आम्ही पाठवलेला प्रत्येक मराठी पाठ ताईंनी त्या मुलांसाठी कानडीत उतरवून काढला होता. आम्ही विचारले, "हे आम्हांला का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "तुम्ही 'झालं का?' एवढंच विचारत होता."

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. पाच गावांत सर्वांत अधिक काम ज्यांनी केले होते, त्यांनाच आम्ही आळशी ठरवले होते. आणि हे कशावरून? तर त्या आम्हांला दिसत नव्हत्या एवढ्यावरून. जो सोबती आपल्या नजरेआड काम करतो, त्याच्याविषयी आपण काय समजून चालावे? हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळत आहे.

प्रश्न केवळ मंडळीच्या कामाचा नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा पुण्या-बंगळूरला नोकरी करणारी आपली कितीतरी मुले घरी परतली आणि माडीवर किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून कंपनीचे काम करू लागली. काहींचे काम अजून तसेच चालते. साहेब एका शहरात, सोबती दुसऱ्या शहरात, आणि आपला मुलगा गावात. काही ठिकाणी अशा माणसाच्या संगणकावर नजर ठेवणारी योजना बसवतात. तो किती वेळ खुर्चीवर होता, किती बटणे दाबली, पडद्यावर काय होते, याची नोंद आपोआप होते. मालकाची भीती अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. काम टाळणारी माणसे असतातच. पण ताईंच्या घरी असे यंत्र बसवले असते, तर त्याने काय नोंदवले असते? नऊ वाजता फोन बंद, एवढेच. ती वही यंत्राला दिसली नसती.

आपल्या सीमाभागाला हा विषय नवा नाही. निपाणीच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या बायका घरी बसून विड्या वळत आल्या आहेत. तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून आणायचा, पाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरून विडी वळायची, दोरा बांधायचा आणि तयार माल मोजून द्यायचा. मजुरी हजार विड्यांवर. (तंबाखूने होणारे नुकसान हा वेगळा व गंभीर विषय आहे, येथे आम्ही वळणाऱ्या हातांविषयी बोलत आहोत.) घरी ती किती तास बसली, हे कोणी पाहात नाही. पाहिला जातो तो माल. चेकर विड्या चाळतो आणि काही 'छाट' म्हणून बाजूला काढतो. बाईच्या कामाची तपासणी चेकर करतो, पण चेकरच्या तपासणीची तपासणी कोण करणार? या बायकांचे जुने दुखणे हेच आहे. १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी कायदा केला, तेव्हा घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही त्यात कामगार म्हणून धरले. शिवाय दिलेला कच्चा माल, छाट काढलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांवरून वाद झाला, तर तो मालकाने नव्हे, नेमलेल्या अधिकाऱ्याने मिटवावा, अशी तरतूद केली. कायद्याने मान्य केले, की माप घेणारा हातही चुकू शकतो.

आता दुसरे चित्र पाहा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच 'लिज्जत पापड' उभे राहिले. तेथेही काम घरोघरी चालते. बाई केंद्रावरून पीठ नेते, घरी पापड लाटून वाळवते आणि केंद्रावर आणून देते. पापड तोलून, पाहून घेतले जातात. म्हणजे तपासणी येथेही आहे, आणि कडक आहे. परंतु लाटणारी बाई ही संस्थेची मालकीणही आहे. नफ्यात तिचा वाटा आहे आणि तोट्यातही आहे. तागडी परक्याच्या हातात नाही.

यावरून आम्हांला एक भेद कळला. तपासणी कामाची होते. पाळत माणसावर ठेवली जाते. तपासणीचे माप दोघांना आधी ठाऊक असते, पाळतीचे एकालाच. तपासणीत हिशेब दोन्ही बाजूंनी द्यावा लागतो, पाळतीत एकाच बाजूने. दूरच्या सोबत्याला तपासणी जड जात नाही. त्याला जड जाते ती एकतर्फी नजर.

प्रेषित पौलाचे बहुतेक सोबती त्याच्या नजरेआडच होते. यरुशलेमेतील गरिबांसाठी दूरदूरच्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा झाली, तेव्हा ती नेण्याच्या कामात त्याने मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला. आपला व्यवहार देवासमोर तर चोख असावाच, पण माणसांसमोरही असावा, असे त्याने करिंथकरांना कळवले. दुसऱ्यांकडून हिशेब मागण्याआधी त्याने स्वतःचा हिशेब उघडा केला. तसेच एपफ्रदीताचे. फिलिप्पैच्या मंडळीने त्याला बंदिवासातील पौलाकडे देणगी देऊन पाठवले. तो तेथे मरणाच्या दारी पोचेल इतका आजारी पडला. आपल्या दुखण्याची बातमी घरी पोचली, म्हणून तो बेचैन होता. पौल त्याला परत पाठवतो, पण रिकाम्या हाताने नाही. याने कामासाठी जीव धोक्यात घातला, याला मान द्या, असे तो पत्रात लिहितो. काम अर्धे टाकून आला, अशी कुजबुज त्याच्यामागे होऊ शकली असती. दूरच्या माणसाविषयी चांगले ते चारचौघांत बोलणे हेही पुढाऱ्याचे काम आहे. आम्ही नेमके उलट केले होते.

मात्र सारा भार पुढाऱ्यावरच टाकू नये. जो दूर बसून काम करतो, त्याच्यावरही एक ऋण आहे. अडचण आली तर ती लवकर व खरी सांगावी. "होतंय, होतंय" म्हणत शेवटच्या दिवशी "झालं नाही" म्हणणे ही सोबत्यांची फसवणूकच होय. ताईंनीही कानडी पाठांची गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगितली असती, तर इतर दोन गावांतील मुलांनाही ते पाठ मिळाले असते. तेथेही हीच अडचण होती आणि तेथील शिक्षकही गप्प होते.

पुढच्या वर्षी आम्ही काही गोष्टी बदलल्या. प्रथम आम्ही ताईंची क्षमा मागितली आणि ज्यांच्याजवळ वाईट बोललो होतो, त्यांच्याकडे जाऊन आपले शब्द परत घेतले. रोजच्या निरोपाऐवजी आठवड्यातून एक वेळ ठरवली, आणि ती ज्याला सर्वांत कमी सवड आहे त्याला विचारून. कोणी, काय, कोणत्या दिवसापर्यंत करायचे, हे लिहून सर्वांना दिले. आमच्या वाटणीची कामे त्या यादीत सर्वांत वर ठेवली, म्हणजे राहिली तर सर्वांना दिसावी. "झालं का?" याआधी "काही अडलं आहे का?" असे विचारू लागलो. महिन्याची बैठक पाळीपाळीने प्रत्येक गावी घेतली. कारण नेहमी दुसऱ्यानेच एसटीने यावे, हा न्याय नव्हे. उत्तरे अजूनही उशिरा येतात. कधी कोणी कामही टाळतो. पण आता आम्ही आधी जाऊन पाहतो, मग बोलतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, पुढच्या सभेत जी खुर्ची रिकामी दिसेल, तिच्याविषयी निकाल देण्याची घाई करू नका. त्या घरी एकदा जाऊन या. कदाचित तेथेही मांडीवर सूप असेल, आणि शेजारी एक वही.